मृगाच्या पोटात

आमच्याकडे मृग म्हटला की आधी पेरणी आठवते, तारे नंतर. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी जूनच्या ७-८ तारखेला सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. पण गंमत अशी, की तेव्हा सूर्यच मृगात असल्यामुळे ते नक्षत्र दिसत नाही. ते दिसते दिवाळीत, कपाशीची वेचणी सुरू झाल्यावर.

गेल्या धनत्रयोदशीच्या रात्री वीज गेली आणि बाबा नि मी अंगणात बाजेवर बसलो. घरात एका माणसाची उणीव होती. वर्षापूर्वी धाकट्याने शेती सोडून पुण्याची नोकरी धरली, तेव्हा "पुन्हा या घरात पाय ठेवू नको," असे बाबा म्हणाले होते. त्याने तो शब्द पाळला होता.

अकराच्या सुमारास मृग वर आला. त्याच्या पोटातल्या बाणाच्या उजव्या हाताला तीन मंद ठिपके. मधला जरा धुरकट. तो सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरचा वायूचा ढग, ताऱ्यांची बाळंतखोली!

मी बाबांना सांगू लागलो : ढग स्वतःच्या भाराने आकसतो, आकसताना गरगरतो. आत पडणारा वायू बाळताऱ्याभोवती तबकडीसारखा साचतो. ती सगळी गिरकी पोटात घेतली, तर तारा वाढायचाच नाही. म्हणून चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर काही वायू दोन्ही ध्रुवांकडून सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. गिरकी घेऊन जातो, आणि उरलेला ताऱ्यात उतरतो. सूर्याच्या आठपटींहून जड पोरांचे हे फेकणे तर फारच दांडगे.

"काहून फेकते? कमावलेलं?"

"नाही फेकलं, तर तो तारा होतच नाही, बाबा."

"मंग त्या फेकलेल्याचं काय होते?"

मी खरे तेच सांगितले. काही वायू आसपासचा ढग उधळतो, दुसऱ्यांचे जन्म अडवतो. मोठ्या ताऱ्याचा वाराही तसाच : याच ढगातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याने भलीमोठी पोकळी कोरल्याचे २०१९ साली विमानावरच्या दुर्बिणीने दाखवून दिले. पण फेकलेला वायू नाहीसा होत नाही. तो ढगात मिसळतो. कधी पुढच्या ताऱ्यांच्या कामी येतो.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून आत गेले.

पहाटे आईने विचारले, "अहो, लक्ष्मीपूजनाले पाट किती मांडू?"

"एक जास्त मांडजो," बाबा म्हणाले. "लहाना येऊन राह्यला. रात्रीच फोन केला म्या."