साथ

काही वर्षांपूर्वी अभ्यासाच्या निमित्ताने फिनलंड देशात एक वर्ष राहण्याचा योग मला आला. त्या देशाच्या पश्चिम भागात, पेर्होन्योकी नावाच्या नदीच्या काठी, कौस्तिनेन हे गाव आहे. तेथे एका शेतकरी कुटुंबात मी पाहुणा म्हणून उतरलो होतो. गावाची वस्ती सारी चार हजारांच्या आसपास. चोहोकडे पाइन आणि बर्च वृक्षांची अरण्ये, मधूनमधून शेते आणि गाईंचे गोठे. मी पोहोचलो तो महिना डिसेंबरचा होता. सकाळी दहाच्या सुमारास सूर्य उगवे आणि दुपारी अडीच-तीन वाजताच मावळे. बाहेर गुडघाभर बर्फ साचलेले असे. अशा लांबलचक काळोखात परक्या माणसाला आपले घर फार आठवते.

एका बुधवारी संध्याकाळी घरधनी मला म्हणाले, “चला, आज आमची तालीम आहे.”

गावच्या शाळेतील एका दालनात ही तालीम होत असे. आपल्यासारखेच तेथेही लोक दाराशी जोडे काढतात. मी बूट काढत होतो, तोच आतून एक स्वर कानी आला आणि मी जागच्या जागी थबकलो. तो स्वर पेटीचा होता! कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी दर एकादशीला भजन होई आणि माझे आजोबा, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, पेटी वाजवीत. त्यांच्या बोटांकडे पाहत पाहतच मी पेटी शिकलो होतो. सहस्रावधी मैल दूर, बर्फाच्या देशात, तोच ओळखीचा आवाज मला बोलावीत होता.

आत गेल्यावर उलगडा झाला. ती आपल्या संगीत नाटकांत असे तशी पायपेटी होती. एकोणिसाव्या शतकात युरोपात तयार झालेले हे वाद्य पूर्वेला हिंदुस्थानात आले, तसेच उत्तरेला फिनलंडमध्येही गेले. तेथे ते प्रार्थनागीतांच्या साथीला आले आणि पुढे खेड्यातल्या वादकांनी त्याला आपल्या नृत्यगीतांत ओढून घेतले. पेटीवर सुमारे ऐंशी वर्षांचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्या देशात लहानथोर सारेच एकमेकांना नावाने हाक मारतात; पण माझ्या तोंडून त्यांचे नाव कधी निघाले नाही. मी त्यांना मनातल्या मनात ‘आजोबा’च म्हणे.

या वाद्यवृंदातील एकही माणूस संगीतावर पोट भरणारा नव्हता. माझे घरधनी सायंकाळचे दूध काढून, हातपाय धुऊन व्हायोलिन घेऊन येत. शाळेतील एक शिक्षिका पहिले व्हायोलिन वाजवी आणि सर्वांना सांभाळून नेई. एक परिचारिका आपल्याहून उंच असा कॉन्ट्राबास उभ्याने वाजवी; कित्येकदा ती रुग्णालयातून परस्परच तालमीला येई. एक सुतार होते, एक ग्रंथपाल बाई होत्या आणि बारा वर्षांची एक चुणचुणीत मुलगी होती. तिचे व्हायोलिन मोठ्यांच्या बरोबरीने धावे. अशा लोकवादकांना तिकडे ‘पेलिमान्नी’ म्हणतात.

ग्रंथपाल बाईंचे वाद्य होते कांतेले. हे फिनलंडचे राष्ट्रीय वाद्य. जुन्या पद्धतीचे कांतेले एकाच लाकडातून कोरून काढतात व त्याला पाचच तारा असतात. मांडीवर किंवा मेजावर आडवे ठेवून ते बोटांनी छेडले, की आपल्या स्वरमंडलाची आठवण होते. ‘कालेवाला’ हे फिनिश लोकांचे महाकाव्य एलियास ल्योन्रोत यांनी लोकगीतांतून जुळवून १८३५ साली प्रसिद्ध केले. त्यात वृद्ध वैनामोइनेन एका प्रचंड माशाच्या जबड्याच्या हाडापासून पहिले कांतेले तयार करतो, अशी कथा आहे. त्याच कौस्तिनेन परिसरात १८१३ साली जन्मलेल्या क्रेता हापासालो या गरीब शेतकरी स्त्रीने कांतेले पाठीशी घेऊन गावोगाव, शहरोशहरी वादन केले आणि आपल्या मोठ्या कुटुंबाचे पोट भरले. बाई ही हकीकत सांगत, तेव्हा जणू आपल्याच आजीविषयी बोलत आहेत, असे वाटे.

सुतारांनी स्वतःच्या हाताने ‘योउहिक्को’ नावाचे वाद्य घडविले होते. त्याला घोड्याच्या केसांच्या दोन-तीन तारा असतात आणि ते गजाने वाजवितात. तार वरून दाबायची नसते. डाव्या हाताच्या बोटांची मागची बाजू तिला लावायची असते. आपले सारंगीवादक तारेला नखाकडून स्पर्श करतात, हे मी सांगितले, तेव्हा त्या अबोल माणसाचा चेहरा उजळला.

तालमीचे काही अलिखित नियम होते. बाहेरच्या कडाक्याच्या थंडीतून आणलेली वाद्ये लगेच पेटीबाहेर काढायची नाहीत. उबदार हवा लागताच थंड लाकडावर दव साचते आणि लाकूड बिघडते. म्हणून आधी कॉफी होई. कॉफीबरोबर ‘पुल्ला’ नावाचा गोडसर पाव असे आणि त्याला चक्क वेलदोड्याचा वास येई! मग गजांना राळ लावून वाद्ये जुळवायची. व्हायोलिनच्या तारा हव्या तशा ताणता येतात. पायपेटीचे सूर मात्र पक्के बांधलेले असतात. म्हणून सर्वांनी पेटीशी जुळवून घ्यायचे. आजोबा एक स्वर धरून ठेवीत आणि बाकीचे सारे एकेक करून त्या स्वरापाशी येत.

पुढे कागद क्वचितच असे. चाल कानाने ऐकायची, बोटांत उतरवायची आणि लोकरी मोजे घातलेल्या पायाने जमिनीवर ठेका धरायचा. तिथे लग्नासमारंभांत व्हायोलिन वाजविण्याची परंपरा अडीचशे वर्षांहून अधिक जुनी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिचा समावेश केला. गावातील मुलांना शिकविण्याची रीतही मोठी सुंदर आहे. ज्याला फक्त एक मोकळी तार वाजविता येते, त्यालाही त्याच्या जोगे काम देऊन मोठ्यांच्या शेजारी बसवितात. येत नाही म्हणून कोणाला दाराबाहेर ठेवीत नाहीत.

एप्रिल उजाडला. बर्फ वितळून नदी वाहू लागली. कौस्तिनेनला १९६८ सालापासून लोकसंगीताचा मोठा महोत्सव भरत आला आहे. जुलैमधल्या त्या महोत्सवात आमच्या वृंदालाही वाजवायचे होते. तालमी आठवड्यातून दोनदा होऊ लागल्या आणि एक अडचण ठळकपणे दिसू लागली. चाल सुरू होई ती उत्तम. पण मध्यावर आली, की पेटी मागे रेंगाळे. तिच्याबरोबर बास मंदावे आणि अखेर सगळाच नाच जणू चिखलात रुतून बसे.

एके दिवशी आजोबा लवकर घरी गेले, तेव्हा ती मुलगी सर्वांसमक्ष म्हणाली, “आजोबांमुळे सगळे मागे पडते. पाहुण्यांना पेटी येते ना? त्यांना बसवा!”

कोणीच काही बोलले नाही. थोड्या वेळाने शिक्षिकेने मला विचारले, “पुढच्या खेपेस तुम्ही वाजवून पाहाल का?”

“पाहतो,” असे मी संकोचाने म्हटले खरे. पण खोटे कशाला सांगू? मला मनातून आनंदच झाला होता. महोत्सवाच्या मंचावर, हजारो लोकांपुढे मी पेटी वाजवीन, आणि त्याचे छायाचित्र घरी पाठवीन, असली चित्रे मी रंगवू लागलो. रोज दुपारी शाळेत जाऊन मी कसून सराव केला.

ठरलेल्या दिवशी आजोबा आले. आपल्या जागेवर मी बसलेला त्यांनी पाहिला. ते काही बोलले नाहीत. खिडकीशेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

आम्ही पोल्स्का हे तीन मात्रांचे नृत्यगीत वाजविले. माझा एकही सूर चुकला नाही. लयही मंदावली नाही. पण वाजवणे संपले, तेव्हा माझ्या ध्यानात आले, की आज सुतारांचा पाय हललाच नव्हता. घरधनी हळूच म्हणाले, “चुकले काहीच नाही.” एवढेच ते बोलले आणि मी ओशाळलो. कोणत्या मात्रेवर किंचित रेलायचे, कोठे सूर हलकेच सोडून द्यायचा, हे आजोबांनी लग्नांतून रात्र रात्र वाजवून, नाचणाऱ्यांच्या पावलांकडे पाहून कमावले होते. चार दुपारींच्या सरावात ते मला कोठून येणार?

मी उठलो आणि त्यांच्यापाशी जाऊन म्हणालो, “हे कसे वाजवायचे, ते मला एकदा दाखवा.”

आजोबा पेटीवर बसले. ती मुलगी व्हायोलिन मांडीवर घेऊन समोर एका बुटक्या चौरंगावर बसली होती. तिची नजर नेमकी पेटीच्या पायट्यांच्या उंचीवर होती. चाल सुरू झाली. सुतारांचा पाय आपोआप ठेका धरू लागला. मध्यावर पेटी पुन्हा रेंगाळली, आणि ती मुलगी एकदम ओरडली, “थांबा! बोटे नाहीत, पाय! वारा कमी पडतो आहे!”

आम्ही सारे वाकून पाहू लागलो. आजोबांचा उजवा पाय पायटा पुरता दाबीत होता. डावा मात्र गुडघ्याच्या दुखण्याने अर्ध्यावरच अडत होता. त्यामुळे भात्याला वारा अपुरा मिळे, सूर क्षीण होई आणि तो पुन्हा भरेपर्यंत बोटे बिचारी थांबून राहत. बोटांचा काही दोष नव्हता. इतके दिवस आम्ही मोठी माणसे नुसते कानांनी दोष शोधीत होतो. पेटीखाली वाकून कोणीच पाहिले नव्हते.

“मग आता?” शिक्षिका म्हणाली.

मुलीने माझ्या पायांकडे बोट दाखविले. “यांचे पाय रिकामेच आहेत!”

सगळे हसले, पण तसेच ठरले. लांब बाक आणून ठेवला. आजोबा थोडे डावीकडे सरकले आणि मी त्यांच्या उजव्या हाताशी तिरका बसून पायटे चालवू लागलो. हे काम मला सोपे वाटले होते. पण पहिल्या दिवशी मी इतका जोर केला, की पेटी किंचाळली आणि आजोबांना मी प्रथमच मोठ्याने हसताना पाहिले. सूर कोठे चढणार, कोठे विसावणार, हे आधीच ओळखून वारा द्यावा लागे. हळूहळू त्यांच्या खांद्याच्या हालचालीवरून मला ते उमगू लागले.

त्या दिवशी कॉफीच्या वेळी ती मुलगी आजोबांजवळ गेली आणि खाली मान घालून काहीतरी पुटपुटली. आजोबांनी आपल्या ताटलीतली पुल्ला मोडली आणि अर्धी तिच्या हातावर ठेवली.

जुलैमध्ये आम्ही मंचावर वाजविले. रात्रीचे नऊ वाजले होते, तरी मैदानावर सोनेरी ऊन पडले होते. पोल्स्का सुरू झाली आणि समोरची माणसे जोडीजोडीने नाचू लागली. चालीचा मध्य आला, गेला. कोठेही अडखळणे नाही. प्रेक्षकांना आजोबांची बोटे दिसत होती. माझे पाय कोणाला दिसत नव्हते. माझे छायाचित्रही कोणी काढले नाही. पण त्या संगीताच्या इतका जवळ मी पूर्वी कधीही गेलो नव्हतो.

आता आमच्या गावी एकादशीचे भजन असते, तेव्हा मी मागे बसून ऐकतो. पेटी वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताकडे, त्याच्या धावणाऱ्या बोटांकडे सर्वांचे लक्ष असते. माझे डोळे मात्र भाता हलविणाऱ्या त्याच्या डाव्या हाताकडे जातात.