खिशातला घडीचा चाकू

घडीचा चाकू निवडताना पात्याच्या लांबीआधी पाहावे ते उघडलेले पाते जागच्या जागी राहते का. जोर देताना ते मिटले, तर धार थेट बोटांवर येते. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये घडवलेल्या साध्या चाकूला अडकण नव्हती. मुठीच्या तोंडाशी फिरवून पाते रोखणारे कडे १९५५ मध्ये आले. या चाकूचा आठ नंबर, ८.५ सेंटिमीटर पात्याचा, फळापासून दोरीपर्यंत सगळ्याला पुरतो. याहून मोठे पाते बहुधा मिरवण्यापुरतेच.

पोलादाची निवड मात्र हवेवर ठरते. कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण लिंबू कापून पुसायचे राहिले की डाग पडलेच, आणि सह्याद्रीतल्या पावसाळी भटकंतीत गंज चढायला वेळ लागत नाही. तिथे स्टेनलेस बरे. लाकडी मूठ हाताला सुखावते खरी, पण भिजून फुगली की पाते उघडता उघडत नाही. कात्री, डबा फोडायचे पाते, पेचकसही हवा असेल तर स्विस चाकू सोयीचा, मात्र त्याच्या अनेक लहान नमुन्यांत पात्याला अडकण नसते. विमानप्रवासात दोन्हींची जागा केबिनबाहेरच्या सामानात.