बासी

हावड्याहून नागपूरकडे येणाऱ्या लोहमार्गावर रायपूर मागे पडले, की दुर्गच्या अलीकडे चरोदा लागते. १९५९ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि या साऱ्या परिसराचे रूप पालटले. कोळसा, खनिज आणि पोलाद वाहणाऱ्या मालगाड्यांचे डबे तोडण्या-जोडण्यासाठी येथे विस्तीर्ण यार्ड उभे राहिले. यार्डाबरोबर रेल्वेची वसाहत आली आणि वसाहतीत तेलुगू, बंगाली, ओडिया व नागपूरकडची मराठी कुटुंबे आली. रुळांच्या पलीकडे मात्र धानाची शेते आणि छत्तीसगढी बोलणारी माणसे होती तशीच राहिली.

१९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना झाली. पुढच्या काही वर्षांत दुर्ग जिल्ह्यातही प्रौढांचे साक्षरता वर्ग भरू लागले. हा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. अशाच एका वर्गावर विनावेतन शिकवण्यासाठी नागपूरची एक तरुणी चरोद्यात आली. तिचे मामा रेल्वेत होते. त्यांच्या क्वार्टरमध्ये तिची सोय झाली. रुळांपलीकडच्या वस्तीत एका ओसरीवर संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात वर्ग भरे. दिवसभर शेतात नाहीतर बांधकामावर राबून आलेल्या बायका पाटी-पेन्सिल घेऊन बसत. त्या तिला ‘दीदी’ म्हणत.

दीदीचे स्वागतही थाटात होई. ती ज्या घरी जाई, तेथे तिच्यासाठी तांदळाच्या पिठाचा गरम चीला तव्यावर पडे, कोठे वाफवलेला फरा पुढे येई. ती आनंदाने खाई. आपण या लोकांत मिसळून गेलो, असे तिला वाटू लागले होते.

वैशाखातल्या एका सकाळी ती वर्गातल्या एका वयस्क बाईच्या घरी गेली. बाई न्याहारीला बसल्या होत्या. त्यांनी तिला शेजारी बसवले, एक काशाची बटकी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, “दीदी, बासी खा.” रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवलेला होता, वर मीठ, बाजूला कांदा, हिरवी मिरची आणि थोडी चेचभाजी. तरुणीच्या कानांनी एकच शब्द टिपला : बासी. म्हणजे शिळे! पाहुण्याला शिळे अन्न वाढू नये, हे ती लहानपणापासून शिकली होती. “आज पोट बरे नाही,” असे सांगून तिने बटकी हलकेच मागे सारली. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी बटकीवर ताटली झाकली.

त्या संध्याकाळी बाई वर्गाला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. त्यांच्याबरोबर येणाऱ्या दोघी-तिघीही फिरकल्या नाहीत. तरुणीने घरी सारी हकिकत सांगितली. मामी या मुलखात वीस वर्षे राहिलेल्या. त्या म्हणाल्या, “अगं, पाहुण्याला चीला देतात. बासी घरच्या माणसालाच वाढतात. तिने तुला घरात घेतलं आणि तू उंबऱ्यावरूनच परत फिरलीस.”

तरुणीला रात्री झोप लागली नाही. तिची आजी रोज सकाळी शिळी भाकर ताकात कुस्करून खात असे, हे तिला आठवले. आजीच्या मांडीवर बसून तिनेही ते घास खाल्ले होते. ते शिळे तिला कधी शिळे वाटले नव्हते. मग येथेच का वाटावे? तिला आणखीही एक गोष्ट उमगली. ती शिकवणारी होती, देणारी होती. वस्तीकडून काही घेण्याची वेळ येताच तिने हात आखडता घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पुन्हा त्या घरी गेली. “काकी, आज बासी आहे का?” तिने विचारले. काकींनी तिच्याकडे क्षणभर पाहिले. “पोट बरं झालं?” “झालं,” ती म्हणाली. काकी हसल्या आणि त्यांनी बटकी भरली. भाताला किंचित आंबूस चव होती. कांदा तिखट लागला, पाणी मात्र पोटात गार उतरत गेले. शेवटी उरलेले पाणी बटकी तोंडाला लावून कसे प्यायचे, तेही काकींनीच दाखवले. सकाळी चूल पेटवायला वेळ नसतो, लाकडेही वाचतात, आणि उन्हात राबताना हेच पाणी अंगाला थंडावा देते, असे त्या सांगत होत्या. शिकवणारी त्या दिवशी ऐकत होती. निघताना काकी म्हणाल्या, “उद्या पण ये, नोनी.” नोनी म्हणजे मुलगी. दीदी हा शब्द त्या घरात पुन्हा ऐकू आला नाही.

पुढे पावसाळा आला. रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी तळ्यावर भोजलीचे विसर्जन झाले. टोपलीत पेरलेल्या गव्हाचे ते पिवळसर कोंब. काकींच्या लेकीने त्यांतले चार कोंब तरुणीच्या कानामागे खोवले. तरुणीनेही तसेच केले. छत्तीसगडात अशी मैत्री जडली, की ती जन्मभराची मानतात. दोघी मग एकमेकींना नावाने हाक मारत नाहीत, ‘भोजली’ म्हणतात. एकीची आई दुसरीचीही आई होते.

पोळ्याला तर गंमतच झाली. तरुणी म्हणे, हा सण श्रावणातल्या अमावास्येचा. काकी म्हणत, भाद्रपदातल्या. वाद रंगला, आणि शेवटी दिवस एकच निघाला. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तिकडे पौर्णिमेला. त्यामुळे एकाच दिवसाला दोन महिन्यांची नावे मिळतात. मातीचे बैल दोन्हीकडे पुजतात. मामींच्या पुरणपोळ्या वस्तीत गेल्या आणि वस्तीतून ठेठरी-खुर्मी क्वार्टरमध्ये आली. तीन दिवसांनी मामींनी हरितालिकेचा उपवास धरला, तेव्हा पलीकडे तीजेचा उपवास होता.

दुसऱ्याच्या हातचे खाणे ही साधी गोष्ट दिसते, पण तिच्यासाठी कधी फार मोठे मन लागते. चांपाजवळच्या सोठी येथे सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू केला. ते स्वतः कुष्ठरोगी होते. अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट पुढे तेथे आले आणि आयुष्यभर राहिले. लोक ज्यांची सावली टाळत, त्यांच्यात ते राहिले आणि त्यांच्या हातचे जेवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते निवर्तले. औषध देणारे हात रुग्णांना इतरत्रही भेटले असतील. त्यांच्या हातचा घास घेणारे फार थोडे होते.

बासीलाही पुढे मान मिळाला. १ मे २०२२ रोजी, कामगार दिनी, छत्तीसगड सरकारच्या आवाहनावरून मंत्री आणि अधिकारीही बोरे-बासी खायला बसले.

चरोद्याच्या त्या ओसरीवर मात्र हा मान आधीच मिळाला होता. काकी वर्गात परतल्या, त्या संध्याकाळी तरुणीने पुस्तक बाजूला ठेवले आणि ‘ब’ व ‘स’ ही दोन अक्षरे शिकवली. काकींनी थरथरत्या हाताने पाटीवर लिहिले : बासी. बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिल्या. मग पाटी तिच्याकडे सरकवून म्हणाल्या, “आता तुझी आजी काय खायची, तेही लिही.”

तिने खाली लिहिले : शिळी भाकर.

कंदिलाच्या उजेडात काकी एकेक अक्षर बोटाने लावत तो शब्द वाचू लागल्या.