सतरंजी गुंडाळल्यावरही

वाचक माउली, चाळीस वर्षे मी पुंडलिकाचे आख्यान लावले. आईबापांची हेळसांड करणारा पुंडलिक कुक्कुट ऋषींच्या आश्रमात जागा होतो, मागे फिरतो आणि दारी आलेल्या देवालाही विटेवर थांबवतो. हे सांगताना माझेच डोळे भरून येत. समोर बसलेल्यांचे डोळे मात्र मी पाहिले नाहीत.

हिंदमाताजवळच्या एका चाळीत एकादशीला कीर्तन असे. आरती झाली, बुक्का लागला, सतरंज्या गुंडाळल्या, तरी एक आजी उठत नसत. मला वाटे, केवढी ही गोडी! एका पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी भरले, आम्ही अडकलो. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बुवा, इथं कुणी ओरडत नाही, म्हणून बसते." खोली मुलाच्या नावे करून दिली होती. मग जेवण एकवेळचे झाले, गोळ्या थांबल्या, अंथरूण गॅलरीत गेले. मी म्हणालो, "प्रारब्ध आहे, नाम घ्या." पुढच्या एकादशीला त्या दिसल्या नाहीत. ते उत्तर आजही टोचते.

नाम घ्यावेच, पण नाम सांगून आपण हात झटकू नयेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. स्वतः जाणे जमत नसेल, तर दुसऱ्या कुणाला अर्जाचा अधिकार देता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न झाल्यास, परत मागता येते. म्हणून बक्षीसपत्रात ती अट लिहूनच घ्यावी. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणे हा गुन्हा आहे. १४५६७ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, आणि मुंबईत पोलिसांचा १०९० आहे.

कुणी म्हणेल, घरची गोष्ट चव्हाट्यावर का न्यावी? माउली, पुंडलिकालाही कुणीतरी आरसा दाखवला, तेव्हाच तो घरी परतला. मुलाला बोलावून समजावणे ही त्याचीही सेवाच आहे.

आपण वारकरी एकमेकांच्या पाया पडतो. ते पाय कीर्तनानंतर कुठल्या घरी जातात, तिथे त्यांना ताट मिळते का, एवढे विचारत जा. मी विचारले नाही.

रामकृष्ण हरी.