मराठीचा लांबलचक क्रमांक

ग्रंथपाल मेल्विल ड्यूईने १८७६ साली ग्रंथालयांसाठी सगळं ज्ञान दहा वर्गांत बसवलं. इंग्रजी साहित्याला ८२० मिळालं. मराठी कादंबरी मात्र ८९१.४६३. पातळ पुस्तकाच्या कण्यावर या क्रमांकाची चिठ्ठी दोन ओळींत मोडावी लागते. क्रमांक म्हणजे निव्वळ जागा, त्यात मानापमान कसला, असं कुणी म्हणेल. पण जागाच शेजार ठरवते. धर्माच्या वर्गात २२० ते २८० ख्रिस्ती धर्माला, आणि हिंदू, बौद्ध, जैन, शीख सगळे एकट्या २९४मध्ये दाटीवाटीने! क्रमांक बदलायचे तर हजारो चिठ्ठ्या बदलायच्या कुणी, ही अडचण खरी आहे. तरी स्थानिक भाषेच्या साहित्याला ८१० हा आखूड क्रमांक देण्याची मुभा याच पद्धतीत आहे. निदान नव्या मराठी ग्रंथालयांनी तरी ती जरूर घ्यावी.