बीदरला एकटी येणाऱ्या भाचीस

भालकी, जि. बीदर

चि. बबडीस,


तुझं पत्र पोचलं. बीदर बघायला येतेस, पण आमच्याकडे उतरणार नाहीस. पाठीवर एक पिशवी, खर्च कमीत कमी, ओळखीचं कुणी नको. का, तर पुढच्या वर्षी अमेरिकेतलं एखादं अनोळखी शहर असंच एकटीनं फिरायचंय, त्याचा हा सराव! तुझे काका म्हणाले, "घर तासाभरावर असताना पोरगी लॉजवर?" मला काही राग आला नाही. उलट तुझ्याआधी असाच आलेला एक पाहुणा आठवला.

अफनासी निकितिन त्याचं नाव, रशियातल्या त्वेरचा व्यापारी. व्होल्गा नदीवरच त्याला लुटलं. परत फिरावं तर डोक्यावर कर्ज, म्हणून पुढेच निघाला. होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला, पावसाळाभर जुन्नरात अडकला. तिथल्या सुभेदारानं घोडाच काढून घेतला आणि सांगितलं, आमच्या धर्मात ये, मग घोडा देतो. एका खुरासानी अधिकाऱ्यानं रदबदली केली म्हणून जनावर सुटलं. मग तो बीदरला आला. हे सगळं 1470 च्या आगेमागे.

त्यानं लिहून ठेवलेलं वाचताना मला सगळ्यात आवडते ती त्याची पैशाची कुरकुर. एकट्याच्या खाण्यावर रोज अडीच अल्तीन जातात, इथं राहिलं तर जवळचं सगळं संपेल, असं तो लिहितो. मिरी आणि रंग स्वस्त, पण आपल्या देशात नेऊन विकावा असा माल नाही, शिवाय वाटेत जकात. घोड्याला वर्षभर खाऊ घालून शेवटी बीदरातच विकला. सुलतानाच्या वाड्याचं वर्णन तर झकास आहे. सात दरवाजे, दर दरवाज्यावर शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून, कोण आत गेलं, कोण बाहेर आलं ते टिपणारे. परक्याला मज्जाव. तू आता त्याच किल्ल्यात पिशवी हलवत शिरशील. रंगीन महालाला कुलूप असेल तर पुरातत्त्व खात्याच्या माणसाला नीट विनंती कर. आतलं शिंपल्याचं जडावकाम बघितल्याशिवाय परतू नकोस.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तो इथं ख्वाजा युसूफ खुरासानी या नावानं वावरत होता. मग बीदरच्या हिंदूंशी ओळख वाढली तसं त्यानं सांगून टाकलं, मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफनासी. त्यानंतर त्या लोकांनी खाणं, व्यापार, पूजा, काहीच त्याच्यापासून लपवलं नाही. बायकासुद्धा समोर येऊ दिल्या. म्हणून सांगते, इथं कुणी "किधर से आए अम्मा?" विचारलं की तोंड फिरवू नकोस. गाव सांग, आईचं माहेर भालकी हेही सांग. आमच्याकडे ही चौकशी सगळ्यांचीच होते. ओळख नको हा तुझा हट्टच महागात पडेल. अनोळखी माणसाला रिक्षावालाही जास्त भाडं सांगतो.

आता हिशेब. उदगीरहून एसटीनं आलीस तर महाराष्ट्रात बायकांना अर्धं तिकीट आहे, पण हद्दीपर्यंतच. पुढे कर्नाटकात जून 2023 पासून बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे, पण तो आम्हाला! तुझ्या आधार कार्डावर पुणे आहे. म्हणजे एकाच बाकावर मी फुकट आणि तू पूर्ण पैसे देऊन. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे सगळं बीदर जिल्ह्यातच होतं, हे कंडक्टरला सांगून उपयोग नाही.

जेवणाची काळजी करू नकोस. नानक झिरा साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, डोकं झाकायला ओढणी ठेव. पंच प्याऱ्यांपैकी भाई साहिब सिंग बीदरचे, हे पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूंना ठाऊक असतं, आपल्याला नसतं. खानावळीत ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी मिळेल. महमूद गवानाचा मदरसा सकाळी बघ. 1472 मधली इमारत. गवानही इराणातल्या गिलानहून आलेला व्यापारीच, इथं वजीर झाला आणि 1481 मध्ये सुलतानाच्याच हुकुमानं मारला गेला. निकितिननं त्याचाही उल्लेख केलाय. सिद्दीक तालीम भागात बिदरीचे कारागीर बसतात. जस्त-तांब्यावर चांदीचं काम, आणि काळा रंग चढवायला किल्ल्यातली जुनी माती. पैसे नसतील तर नुसतं बघ, घासाघीस मात्र करू नकोस.

बीदरहून पुढे कलबुर्गीला जायचं तर आता रेल्वे आहे, हुमनाबादवरून, 2017 पासून. वाटेत माणिकनगर लागतं, तिथं माणिकप्रभूंच्या संस्थानात यात्रेकरूंची सोय होते. कलबुर्गीहून गाणगापूर गाठलंस तर तिथं दुपारी बाराला माधुकरी.

इथं एक सांगायचंय, तुला आवडो न आवडो. तुझी "कमी खर्चाची सहल" तुझ्या काटकसरीनं होणार नाही. लंगर, संस्थान, माधुकरी, सगळीकडे कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या परक्यासाठी चूल पेटवत आलंय म्हणून ती होणार. तेव्हा लंगरात जेवलीस तर भांडी घासून ये. गाणगापुरात घेण्याआधी आपल्या हातानं वाढ. आणि घरी येऊन "फुकटात झालं" म्हणून मिरवू नकोस, मला ते सहन होत नाही.

कलबुर्गीहून आळंदला मात्र एकटी जाऊ नकोस. निकितिननं ज्या शेख अलाउद्दीनच्या उरुसातला घोडेबाजार पाहिला, तो तिथला. वीस हजार घोडे येतात म्हणून लिहिलंय त्यानं. रात्री उडणाऱ्या एका अपशकुनी पक्ष्याचीही हकीकत आहे, घरावर बसला की माणूस मरतो म्हणे. तुकोबांच्या गुरुपरंपरेतल्या राघव चैतन्यांची समाधीही तिथंच. मला कधीची जायची इच्छा आहे. निघायच्या आदल्या दिवशी फोन कर, मी कलबुर्गीला येऊन थांबते. माझं तिकीट फुकटच आहे.

तुझी,
मावशी