आंब्याचे वाटे

शाळेचा निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी आमच्या डोंगरीच्या खोलीत गावाच्या पिशव्या भरायला सुरुवात व्हायची. दादीसाठी चहापत्ती, चाचाच्या मुलांसाठी वह्या, अब्बांच्या जुन्या लुंग्या आणि वाटेत खायला अंडी-पाव. पहाटे मुंबई सेंट्रलवरून श्रीवर्धनची एस.टी. पकडायची. पनवेल, पेण, वडखळ, कोलाड ही नावं मला भूगोलाच्या पुस्तकाआधी त्या लाल डब्याने शिकवली. माणगावला गाडी थांबली की अम्मी आम्हा बहिणींची तोंडं धुवायची. म्हसळ्यानंतर वळणं सुरू झाली की धाकटा भाऊ हमखास उलटी करायचा आणि मग एकदम खाऱ्या वाऱ्याचा वास यायचा. हे 1995 ते 2005 या दहा वर्षांतलं सांगतेय.

श्रीवर्धन तालुक्यातलं आमचं घर जांभ्या दगडाचं, कौलारू. पुढे ओटी, मध्ये माजघर, वर माळा, मागे परडं. परड्यात रहाटाची विहीर, थोड्या पोफळी आणि आंब्याची चार झाडं. दोन हापूसची, दोन रायवळची. दादी ओटीवर बसून वाट बघत असायची. "आयलीस गो पोरी?" असं म्हणून तोंडावरून हात फिरवायची आणि चहा व्हायच्या आधीच अब्बांना सांगायची, "पयला कबरस्तानात जाऊन ये. तुझा बाप तुझी वाट बघतोय." दादांच्या कबरीवर फातिहा पढून अब्बा परत आले, की आमची सुट्टी खऱ्या अर्थाने सुरू व्हायची.

मोठी फुफी महाडहून यायची, धाकटी पनवेलहून. दोघींची मिळून सात मुलं. आमची चार, चाचाची तीन. रात्री माजघरात एका ओळीत गोधड्या पडायच्या आणि कोणाचा पाय कोणाच्या पोटावर आहे ते सकाळीच कळायचं. अब्बा आठ दिवस राहून कामावर परतायचे. चाचा कुवेतला होता, तो दोन वर्षांतून एकदा यायचा. म्हणजे मे महिन्यात ते घर चालायचं ते बायकांवर. फजरनंतर चूल पेटायची. तांदळाच्या भाकऱ्या, कैरी घातलेला जवळा, कधी सांदण. दुपारी आंब्याचा रस आटवून ताटांत साठं घालायची आणि कावळे हाकायला आम्हा मुलांना काठी देऊन बसवायचं. आमसुलं वाळवायची, सुकी मासळी डब्यांत भरायची, पावसाआधी माणूस बोलावून छप्पर शाकारून घ्यायचं. खालून कौलं वर द्यायला दोन्ही फुफी पदर खोचून उभ्या असायच्या.

पण आमच्या घरचा खरा सण म्हणजे आंब्याचे वाटे. झेल्याने आंबे उतरवायचे, पेंढ्यात आढी घालायची आणि वास सुटला की दादी एका संध्याकाळी ओटीवर चटई अंथरायची. पहिल्या आंब्यांवर फातिहा व्हायचा. मग दादी स्वतः वाटे घालायची. एक पेशइमामसाहेबांचा. एक शेजारच्या कोळणीचा, जी वर्षभर दादीला ताजी मासळी द्यायची. मग चार मोठे वाटे, दोन मुलांचे आणि दोन मुलींचे. चारही सारखे. एकदा आमच्या चाचीने हसत विचारलं, "अम्मा, मुलींचा वाटा निम्मा ना?" दादी आंबा हातात धरूनच म्हणाली, "मी जिती हाय तवर माझ्या हातानं सगळ्यांना सारकं. मी गेल्यावर अल्लाचा हिसाब हाय. तो तुमी करा."

दादी शाळेत गेली नव्हती. पण हयातीत देणं वेगळं आणि मयतीनंतरचा वारसा वेगळा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

2009 साली दादी गेली. त्यानंतर चाचा कुवेत सोडून गावी येऊन राहिला. वाटे चाचा घालू लागला, फुफी येत राहिल्या. फक्त महिन्याचे पंधरा दिवस झाले, पंधराचे आठ.

मग 2020 आलं. लॉकडाऊनमुळे त्या मे महिन्यात पहिल्यांदाच कोणी गावी गेलं नाही. ईदही जिथल्या तिथे झाली. आणि ईदला दहा दिवसही झाले नव्हते, तोच 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागचा किनारा त्याने झोडपून काढला. माणसांनी तीन पिढ्या जपलेल्या नारळ-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आमचं अर्धं छप्पर उडालं, रायवळचं एक आणि हापूसचं एक झाड मुळासकट पडलं. फोन कित्येक दिवस लागत नव्हते. लागला तेव्हा चाचा एवढंच म्हणाला, "माणसं सलामत हायत. घर ऱ्हायलं नाय."

घर पुन्हा उभं करायला पैसे लागले. चाचाने कुवेतची शिल्लक घातली, अब्बांनी फंडातले दिले. आणि 2021 मध्ये एक कागद आला, हक्कसोडपत्र. दोन्ही फुफींनी सही करायची, म्हणजे घर दोन भावांच्या नावावर होईल. यात कोणाची नियत खराब होती असं मी म्हणणार नाही. चाचाने भर पावसात ताडपत्रीखाली दिवस काढले होते. अब्बांना तर हे इतकं साधं वाटत होतं की ते म्हणाले, "बहिणी कुठे भावाकडे हिस्सा मागतात? माहेर तर त्यांचंच आहे."

मी मुंब्र्याच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. त्याच आठवड्यात सहावीला अपूर्णांक चालू होते. आम्ही त्याला कसर म्हणतो, वरचा आकडा शुमारकुनिंदा आणि खालचा नसबनुमा. नसब म्हणजे कूळ, हे मी मुलांना लक्षात राहावं म्हणून नेहमी सांगते. त्या दिवशी मी फळ्यावर उदाहरण घातलं: एका माणसामागे दोन मुलगे, दोन मुली. मुलाचे दोन भाग, मुलीचा एक. एकूण भाग किती? "सहा!" वर्ग ओरडला. मुलाला दोन षष्ठांश, मुलीला एक षष्ठांश. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, हमारी अम्मी को तो कुछ नहीं मिला." वर्ग हसला. मला मात्र खडू खाली ठेवावा लागला.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी अब्बांसमोर वही ठेवली. दादांची मालमत्ता, दादीचा आठवा हिस्सा, तोही तिच्यानंतर त्याच चौघांत. शेवटी सहा भागच. मी म्हटलं, "अब्बा, तलाकचा, पोटगीचा विषय निघाला की आपण शरियत-शरियत म्हणतो. 1937 च्या कायद्यानेही घराच्या वारशाला शरियतच लागू केली आहे. सूरह निसामध्ये नमाजच्या रकाती नाहीत, पण वाटे आहेत. मग ते वाटे आपण माफ करून टाकायचे, तेही दुसऱ्याचे?" अम्मीने मला डोळ्यांनी गप्प केलं. अब्बा वही न उघडता उठून गेले. वडिलांशी मी इतकं कधीच बोलले नव्हते. झोप लागली नाही.

मोठ्या फुफीला मी फोन केला. वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे गो. ती म्हणाली, "मला घर विकून पैसे नको हायत. मला काय हवंय ते तुझ्या बापाला सांग. पयला माझं नाव लागू दे. मग माझ्या हातानं मी भावाला देईन. जी गोष्ट माझ्या हातातच दिली नाय, ती मी सोडू कशी?"

मी हे अब्बांना सांगितलं. दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी चाचाला फोन लावला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अम्मा काय म्हणायची आठवतं? तो हिसाब अजून आपण केलेला नाही." चाचा रागावला. आठ-दहा महिने आमच्याशी नीट बोलला नाही. माझ्या शिक्षणालाही त्याने बोल लावले, ते इथे लिहीत नाही. पण अखेर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर चार नावं लागली. धाकट्या फुफीने आपला हिस्सा ठेवला. मोठीने वर्षभराने स्वतःहून आपला हिस्सा चाचाला बक्षीस दिला. कागदावर सही केली तेव्हा चाचा रडला, असं चाचीनेच मला सांगितलं.

आमच्या समाजात बहिणीने हक्क सोडणं हा खानदानीपणा समजला जातो. सोडू नये असं मी म्हणत नाही. पण जिने छप्पर शाकारताना कौलं वर दिली, तिचं नाव त्या छपराखाली आधी लिहिलं जावं. पुढे द्यायचं की ठेवायचं, ते तिचं तिने ठरवावं. माहेर मेहेरबानीवर टिकवायचं की हक्कावर, एवढाच हा प्रश्न आहे.

आता कौलांच्या जागी पत्रे आले आहेत, दुपारी घर तापतं. आंब्याची दोनच झाडं उरली आहेत. तरी मागच्या मे महिन्यात आम्ही सगळे गेलो होतो. ओटीवर चटई अंथरली. चाचाने सवयीने हात पुढे केला, मग थांबला आणि टोपली मोठ्या फुफीकडे सरकवली. तिने पेशइमामसाहेबांचा वाटा काढला, शेजारच्या कोळणीच्या सुनेचा काढला आणि मग चार वाटे घातले. माझ्या मुलीने जवळ बसून मोजले. चारही सारखे होते.